एकशे अडतीस खणांचे मौन

माझ्या नातीची पियानोची शिकवणी बंद करा, असे मी कोणालाही सांगितले नव्हते. तरीही ती बंद होण्याच्या काठावर येऊन ठेपली, आणि त्याला कारण मी झालो. स्वतःची बाजू मांडण्याचा माझा हेतू नाही. संशय कोणत्या क्रमाने वाढत गेला, एवढे नीट लिहून ठेवायचे आहे; कारण त्याची एकेक पायरी चढताना ती मला भक्कम वाटत होती.

पत्नीच्या निधनानंतर मी मुलाकडे सिंगापूरला आलो, त्याला आता चार वर्षे होत आली. मुलगा मरीन इंजिनिअर आहे. दुरुस्तीला आलेल्या जहाजांवर त्याचा दिवस जातो. सूनबाई एका बँकेच्या संगणक विभागात काम करते. पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी आठनंतर मी आणि देव एवढेच उरतो. नात पंधरा वर्षांची. इथे आठ-नऊ वर्षांची मुलेही एकटी ट्रेनने शाळेत जातात, तेव्हा तिला सोबतीची गरज मुळीच नव्हती. पण दर शनिवारी दुपारी तिच्याबरोबर हौगांगला शिकवणीला जाण्याचे काम सूनबाईने माझ्याकडे सोपवले. म्हाताऱ्याला काही काम असावे, हा त्यातला हेतू मला कळला होता, आणि कळल्याचे मी दाखवले नाही.

शिकवणाऱ्या बाई चिनी, वयाने माझ्याच बरोबरीच्या. हौगांगमध्ये अकराव्या मजल्यावरच्या लहानशा घरात त्या एकट्या राहत. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून काळा पियानो, खिडकीखाली कापडाने झाकून ठेवलेला विजेवर चालणारा कीबोर्ड, आणि दाराजवळ माझ्यासाठी एक वेताची खुर्ची. त्या मला ‘अंकल’ म्हणत. बरोबरीच्या वयाच्या स्त्रीने अंकल म्हणावे याची सवय व्हायला मला दोन महिने लागले.

नातीची तयारी चालली होती ती पोलंडमधल्या एका संगीतकाराच्या कॉन्चेर्टोची. पियानो आणि मोठा वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायची ती रचना. तो जेमतेम वीस वर्षांचा असताना त्याने ती केली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने देश सोडला तो कायमचा, हे मला नातीने ट्रेनमध्ये सांगितले होते. तरुण वादकांच्या एका वाद्यवृंदाने या रचनेच्या पहिल्या भागासाठी निवडचाचणी ठेवली होती. निवड झाली तर ती शंभर-दोनशे लोकांसमोर वाद्यवृंदाबरोबर बसून वाजवणार होती. गेले वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता.

माझे शिक्षण कृष्णाकाठच्या पाठशाळेत झाले. नवव्या वर्षी मी तिथे गेलो. गुरुजी एक चरण एकदा म्हणत, आम्ही तो दोनदा म्हणायचा. मग दोन चरण मिळून, मग अर्धा मंत्र, मग संपूर्ण. याला संथा म्हणतात. ग्रंथ हातात घेण्याची मुभा नसे. मधे कुठे अडखळले तर त्या अनुवाकाच्या, म्हणजे मंत्रांच्या त्या गटाच्या, आरंभाशी परत जायचे, आणि आरंभ सोडून मधूनच म्हणायला लागणाऱ्या मुलाला गुरुजी हातानेच थांबवीत. पुढे चाळीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले, पण कान राहिला तो पाठशाळेतलाच. एखादी जागा किती वेळा घोटली गेली ते माझा अंगठा बोटांच्या पेरांवर आपोआप मोजत जातो.

त्या वेताच्या खुर्चीत बसून माझा अंगठा चालत असे, आणि पहिला संशय तिथेच आला. बाई कधीही आरंभापासून शिकवत नसत.

“वन थ्री नाइन,” त्या म्हणत, आणि नात एकशे एकोणचाळिसाव्या खणापासून सुरुवात करी. स्वरलिपीच्या ओळी उभ्या रेघांनी कापून खण पाडलेले असतात आणि त्यांना क्रमांक असतात, एवढे मला ठाऊक झाले होते. दोन्ही हातांचे भरघोस आघात वरून खाली कोसळत, मग ते शमत, आणि एकच स्वर विनवणी केल्यासारखा पुढे येई. ते ऐकताना माझेही चित्त स्थिर होत असे, हे कबूल केले पाहिजे. पण शनिवारमागून शनिवार गेले तरी पहिला खण मी ऐकला नाही. एकशे अडतीस खण कोठे गेले?

वाद्यवृंद साथीला असणार हे मला माहीत होते. पण साथ म्हणजे आपल्याकडच्या बैठकीतली, ही माझी समजूत होती. गवई बसतो, षड्ज लावतो, आलाप सुरू करतो; तबलजी मागून येतो. मुख्य कलावंत गप्प बसून आहे आणि साथीदारच मिनिटेच्या मिनिटे वाजवत आहेत, असे दृश्य मी आयुष्यात पाहिले नव्हते.

दुसरा संशय बाईंच्या हातांवरून आला. त्या स्वतः कधी वाजवून दाखवत नसत. हातात पेन्सिल, तिने पियानोच्या लाकडावर ठोके देत, “अगेन. अगेन. नॉट सो फास्ट, गर्ल,” एवढेच. बोटांच्या सांध्यांना गाठी आलेल्या, दोन बोटे बाजूला वळलेली. जो गुरू एकदाही म्हणून दाखवत नाही, त्याच्याजवळ देण्यासारखे काय असणार, असे माझ्या मनात आले. मनात आले ते मी झटकले. ते पुन्हा आले.

मग एके दिवशी नात पाणी प्यायला आत गेली असता मी पियानोवरची वही चाळली. एकशे एकोणचाळिसाव्या खणापासून पुढची पाने पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली होती: बोटांचे आकडे, वर्तुळे, बाण, चिनी अक्षरे. त्याच्या आधीची सगळी पाने स्वच्छ. एक रेघसुद्धा नाही. ज्या पानांवर गुरूचा हात कधी फिरलाच नाही ती पाने मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? बाईंना आरंभ येत नाही, आणि न येणारा भाग त्या मुलीला वगळायला लावत आहेत, असा निष्कर्ष मी त्या दिवशी काढला.

घरी जे दिसत होते त्याने तो पक्का होत गेला. आमच्या फ्लॅटमध्ये आवाज होऊ नये म्हणून नात विजेवरच्या पियानोवर, कानांवर हेडफोन घालून वाजवते. मला ऐकू येते ती केवळ पट्ट्यांची टकटक. सायंकाळी मी देवापुढे दिवा लावतो तेव्हा तिचा सराव सुरू होई. पूर्वी त्या वेळी ती माझ्याशेजारी बसून स्तोत्र म्हणायची. ते या कॉन्चेर्टोने मागे पडले होते. मी मागून बघे. ती पियानोसमोर ताठ बसलेली, हात मांडीवर, डोळे मिटलेले. एक मिनिट, दोन मिनिटे, चार मिनिटे. टकटक नाही. मग अचानक दोन्ही हात उचलून ती वाजवायला लागे. कधी कधी हे दोनदा-तीनदा होई. ज्या सरावासाठी तिने स्तोत्र सोडले, त्या सरावातला पहिला भाग ती नुसता बसून घालवते, हे मी रोज पाहत होतो आणि मनाला लावून घेत होतो.

तिला का विचारले नाही? आमच्या पाठशाळेत एक कडक संकेत होता. शिष्याला त्याच्या गुरूविषयी काही विचारू नये. विचारणारा शिष्याच्या मनात फट पाडतो. त्या संकेताचा मला अभिमान होता.

म्हणून मी मुलाजवळ बोललो. रविवारी सकाळी तो इडल्या वाढून घेत होता.

“निवडचाचणीला पाच आठवडे राहिले,” मी म्हटले, “आणि बाईंनी आरंभ शिकवलेलाच नाही.”

“म्हणजे?”

“पहिले एकशे अडतीस खण. वहीत त्या पानांना पेन्सिल लागलेली नाही. माझ्या कानावर ते एकदाही पडलेले नाहीत.”

मुलाने ताट खाली ठेवले. “बाबा, नक्की?”

“दहा महिने मी तिथे बसतो आहे.”

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “मी तिला विचारू का एकदा?”

“नको,” मी म्हटले. “शिष्याला गुरूविषयी विचारायचे नसते. तुम्ही दोघे काय ते ठरवा.”

“बाबांच्या कानाबद्दल शंकाच नाही,” मुलगा तिला म्हणाला. “माझं शाळेतलं पाठांतर दुसऱ्या खोलीतून दुरुस्त करायचे ते. आणि तसंही त्या बाई आता थकल्यात.”

त्यांनी ठरवले. पुंगोलमधल्याच एका मॉलमध्ये संगीताचा मोठा वर्ग होता. तिथे दोन भव्य पियानो, तरुण शिक्षक. नातीला शुक्रवारी सांगण्यात आले. कारण सांगितले ते एवढेच, की चाचणीसाठी मोठी जागा बरी. ती आधी हसली, कारण तिला ती थट्टा वाटली.

“फाइव्ह वीक्स राहिलेत, आई. आत्ता कोण टीचर बदलतं?”

“तुझ्या भल्यासाठीच ना.”

“नो. प्लीज. नो.” मग ती खोलीत गेली. जेवायला आली नाही.

बाईंना सूनबाईने रात्रीच निरोप पाठवला होता. पण इतक्या महिन्यांच्या विद्येनंतर नुसत्या निरोपावर संबंध तोडणे आमच्या घराला शोभणारे नव्हते, म्हणून मुलाने, आरंभ शिकवलेला नाही हे कारण देत, इंग्रजीत एक सभ्य पत्र लिहिले, आणि मी लिटिल इंडियातल्या मिठाईवाल्याकडून पेढ्यांचा डबा आणला. दोन्ही शनिवारी मी न्यायचे ठरले. तो तिचा शेवटचा पाठ. तीन स्थानकांच्या प्रवासात नात माझ्यापासून दूर, दरवाजाच्या खांबाला धरून उभी राहिली.

बाईंनी दार उघडले, आणि मला दिसले की खिडकीखालच्या कीबोर्डवरचे कापड काढलेले आहे. तो ओढून पियानोच्या शेजारी आणला होता. त्यांनी मला खुर्ची दाखवली, नातीला पियानोसमोर बसवले, आणि स्वतः कीबोर्डसमोर बसून वही पहिल्या पानावर उघडली. स्वच्छ पानावर.

“टुडे फ्रॉम द टॉप,” त्या म्हणाल्या. “आय ॲम द ऑर्केस्ट्रा. व्हेरी बॅड ऑर्केस्ट्रा, हा.”

त्या वाजवू लागल्या. वळलेली बोटे पट्ट्यांवर सरळ पडत नव्हती; काही स्वर निसटत होते, एकदा थांबून त्यांनी मनगट चोळले आणि तिथूनच पुढे गेल्या. पण पहिल्या चार-पाच खणांतच त्या कोण आहेत ते मला कळले. ज्याने एखादी गोष्ट पन्नास वर्षे पोटात बाळगली आहे त्याचे म्हणणे चुकत असतानाही ओळखू येते. गंभीर, भारदस्त असा तो आरंभ होता. मग त्यातून एक हळवी, उतरत जाणारी ओळ निघाली आणि मी खुर्चीत सावरून बसलो, कारण ती मला पाठ होती. नात वाजवत असे तीच. तिच्यामागून दुसरी आली, उजळ, आणि तीही माझ्या ओळखीची.

नात हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसली होती. घरी बसायची अगदी तशी. चार मिनिटे ती हलली नाही. मग एकशे एकोणचाळिसावा खण आला, तिने हात उचलले, आणि ते आघात कोसळले. त्यानंतर तिने तीच हळवी ओळ घेतली, जी बाईंनी आधी म्हटली होती. तीच, पण आता तिच्या श्वासाने, तिच्या हाताने.

आधी गुरूने म्हणायचे, शिष्याने हात जोडून ऐकायचे, आणि मग शिष्याने म्हणायचे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कृष्णेच्या काठावर मी हेच करीत होतो. ऐकत बसलेल्या शिष्याची मुद्रा कशी असते हे ओळखायला मला तरी कोणी शिकवायला नको होते. मी तिच्या मागे रोज उभा राहिलो, हेडफोनमधून तिच्या कानात वाद्यवृंद वाजत होता, आणि मला ती रिकामी बसलेली दिसली. कोऱ्या पानांवर पेन्सिल नव्हती याचे कारणही समोर होते. ती पाने तिच्या बोटांसाठी नव्हतीच.

पाठ संपला. नात वही पिशवीत भरत होती. पत्राचे सूनबाईने त्यांना कळवले होते; बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. “अंकल, यू हॅव अ लेटर.”

पत्र न देता परत न्यावे असे एक क्षण वाटले. पण ते माझे पत्र नव्हते. दडवण्याचा अधिकार मला नव्हता. मी ते दिले, पेढ्यांचा डबा पियानोवर ठेवला, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, की यात जे लिहिले आहे ते मी माझ्या मुलाला सांगितले, आणि ते चूक आहे. आज ऐकल्यावर मला कळले.

त्यांनी चष्मा लावून पत्र वाचले. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

“मी आरंभ वगळला, असं तुम्हाला वाटलं?” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

“हो.”

“टेन मंथ्स तुम्ही हेच बघत बसला होता?”

मी मान डोलावली. नातीची पिशवी बंद करण्याचा आवाज थांबला होता.

“दुसऱ्या मुलांचे आजोबा त्या खुर्चीत झोपतात,” बाई म्हणाल्या. “मला ते आवडतं.” त्या हसल्या नाहीत. त्यांनी हात उलटा करून माझ्यासमोर धरला. “आज वाजवलं ना, आता मंगळवारपर्यंत मला चॉपस्टिक धरता येणार नाही. म्हणून मी थांबले होते. तिला बसता येईपर्यंत. सोलो वाजवणं सोपं आहे, अंकल. त्याआधी बसणं अवघड.”

“आम्हांला क्षमा करा,” मी म्हणालो. “तिला पुढे शिकवा.”

“ती येऊ दे. फाइव्ह वीक्स, मी शिकवीन.” त्यांनी पत्राची घडी केली. “तुम्ही वर येऊ नका. खोलीत तपासणारा माणूस असला की मूल त्याच्यासाठी वाजवतं. मला वाटायचं ती माझ्यामुळे घाबरते.”

मी मान्य केले.

लिफ्टमध्ये नात माझ्याकडे बघत नव्हती. खाली आल्यावर ती थांबली.

“आजोबा, तुम्ही डॅडला सांगितलंत?”

“हो.”

“मला का नाही विचारलंत? टू सेकंड्स लागले असते. मी सांगितलं असतं, ते ऑर्केस्ट्राचं आहे.”

मी तिला पाठशाळेतला तो संकेत सांगितला. शिष्याच्या मनात गुरूविषयी फट पडू नये म्हणून.

तिने ऐकून घेतले. “पण मग तुमच्या मनातली फट?” ती म्हणाली. “ती चालते?”

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. ती स्थानकाकडे चालू लागली आणि मी तिच्या मागून.

घरी मुलाला सांगणे जड गेले. त्याने नव्या वर्गाला शब्द दिला होता. “बाबा, मागच्या रविवारी तुम्ही नक्की म्हणालात,” तो म्हणाला, “आणि आज नक्की म्हणताय. मी कोणतं धरू?” त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. अखेर त्याने स्वतः बाईंना फोन केला, बाल्कनीत जाऊन बराच वेळ बोलला, आणि आत येऊन सूनबाईला म्हणाला, “राहू दे. तिथेच जाऊ दे तिला.” त्यानंतर पाठांतराचा, कानाचा विषय आमच्या घरात कोणी काढलेला नाही.

आता शनिवारी मी इमारतीच्या तळमजल्यावर बसतो. तिथे मोकळी जागा आहे. दगडी टेबले, गोल बाकडी, चिनी बुद्धिबळ खेळणारे दोन म्हातारे, छताचा करकरणारा पंखा. अकराव्या मजल्यावरचे काहीही खाली ऐकू येत नाही. मी जप करायला बसतो आणि मधेच मन वर जाते. विनवणीच्या त्या ओळीत ती घाई तर करत नसेल? बाईंचा हात दुखत असेल तर आरंभ आज वाजवला असेल, की पुन्हा नुसते ठोके? संशय ही एका दिवसात सुटणारी सवय नव्हे. तो येतो, मी त्याला पाहतो, आणि पुन्हा मंत्राशी परत येतो. एकदा त्या म्हाताऱ्यांपैकी एकाने मला खूण करून खेळायला बोलावले. मी हात जोडून नाही म्हणालो.

गेल्या शनिवारी, चाचणीच्या आठवडाभर आधी, नात लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. आजवर जे मी कधी केले नव्हते ते केले.

“कसा झाला पाठ?” मी विचारले. “बाई काय म्हणाल्या?”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मी खरेच विचारतो आहे का ते बघण्यासाठी असावे.

“ओके ला,” ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. मग थोड्या वेळाने, चालता चालता: “मधे एकदा चुकले. त्या म्हणाल्या, चुकू दे, पुढे जा.”

“बरं,” मी म्हणालो, आणि आणखी काही विचारले नाही.